न अडवलेला माणूस

केसांना लावलेला रंग धरायला पंचवीस मिनिटं लागतात, आणि त्या पंचवीस मिनिटांत माणसानं काय करायचं हे सांगलीच्या विश्रामबागेतल्या एकाही सलूनवाल्यानं आजवर ठरवलेलं नाही. बाळगोंडा मगदूम गळ्याभोवती प्लास्टिकचं कापड आवळून आरशासमोर बसला होता. वय त्रेपन्न, हुद्दा महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक, डोक्यावर काळा चिखल. आरशातला माणूस आपल्यापेक्षा जरा जास्तच निवांत दिसतोय असं त्याच्या मनात येत होतं, तोवर मांडीवरचा फोन थरथरला. फोटो होता. फोटोत कागद, कागदावर तक्ता, तक्त्यात अठरा नावं, आणि प्रत्येक नावापुढं त्याच्या स्वतःच्या हातचा एकेक शब्द. सतरा ओळींत 'खेळला'. तेराव्या ओळीत 'राखीव'. आधी त्याला एवढंच जाणवलं, की अक्षर फार सुंदर आहे. वेलांट्या एकाच उंचीच्या, शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी. सहा वर्षांपूर्वीचं अक्षर; आता हात जरा कापतो. मग त्यानं तेरावी ओळ पुन्हा वाचली, आणि तो खुर्चीतून उठायला लागला.

"सर, हलू नका," सलूनवाला म्हणाला. "कानाला लागलं तर आठ दिवस निघत न्हाई."

फोटोखाली मजकूर होता. नमस्कार सर, मी धुळा कोळेकर, जत. पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर निवड झाली आहे, पण पडताळणीत माझ्या नावापुढे राखीव निघाले. न खेळलेल्या राखीवला ती जागा मिळत नाही. कॉलेजचे दुरुस्तीचे पत्र, मूळ सही आणि शिक्क्याचे, आज पाचच्या आत साताऱ्यात हातात द्यायचे आहे. मेल चालत नाही. माझ्या वयाला बसणारी ही शेवटची भरती. अकरा वाजता कॉलेजवर येतो. दोनला सांगली सोडली तर पोचतो.

बाळगोंडानं ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती, याचा त्याला उगाचच राग आला. बोलताना 'हाय, न्हाई' करणारा माणूस लिहिताना 'आहे, नाही' करतो, म्हणजे आत कुठंतरी दुसरा माणूस असतो. तो तेव्हाही असणार. हेल्मेटच्या जाळीआडून आपल्याकडं बघणारा. बाळगोंडानं फोन पालथा ठेवला आणि डोळे मिटले. रंगाचा उग्र वास नाकातून टाळूपर्यंत चढला. या वासाचा साताऱ्याच्या, जिथं तो तक्ता भरला त्या मैदानाशी काही संबंध नव्हता. तिथं धुळीचा, घामाचा आणि स्वयंसेवकांसाठी उघडलेल्या पोह्यांच्या पातेल्याचा वास होता. तरी मैदानच आलं. माणसाच्या डोक्यात फाइली लावणारा कारकून फार बेशिस्त असतो.

सांगलीला अमेरिकन फुटबॉल कसा आला, याचा इतिहास बाळगोंडानंच लिहिलेला आहे, त्यामुळं त्यावर विसंबता येत नाही. 'पिस्तूल रचना: शास्त्र आणि सराव' या चौसष्ट पानी पुस्तिकेत तो म्हणतो, की जागतिक क्रीडाप्रवाहाशी ग्रामीण तरुणाईला जोडण्याच्या ध्यासातून हे रोप लावलं गेलं. खरं म्हणजे प्राचार्यांनी एका दुपारी त्याला बोलावून घेतलं होतं. "मगदूम, कबड्डीला अख्खा जिल्हा हाय. कुस्तीचं तर नावच काढू नका. असा खेळ शोधा, की ज्यात दुसरं कोण न्हाई." असा खेळ सापडला. राज्य स्पर्धेत तीन संघ होते, त्यातला एक कधी यायचाच नाही. म्हणजे मैदानावर उतरलं की दुसरा क्रमांक पक्का, आणि दुसरा क्रमांक म्हणजे खेळाडूचा दाखला, आणि दाखला म्हणजे भरतीत वेगळी रांग. पुण्याहून अकरा जुनी हेल्मेटं आली. खांद्याच्या गाद्या मोटारसायकलची सीट शिवणाऱ्याकडून शिवून घेतल्या. चेंडू आला तेव्हा शिपाई खोक्यात डोकावून "नारळ आलाय, सर" म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो नारळच झाला. जत, कवठे महांकाळकडची पोरं होस्टेलच्या दारात नारळ छातीशी धरून फोटो काढायची. आईबापांना वाटायचं, पोरगं कुठल्या तरी देवस्थानाच्या कमिटीवर गेलं.

खेळ सापडला, पण बाळगोंडाला सापडलं ते वेगळंच. एका परदेशी प्रशिक्षकाची पुस्तिका त्यानं संगणकावरून उतरवून घेतली, डिक्शनरी घेऊन उन्हाळाभर वाचली, आणि तिच्यात त्याला पिस्तूल भेटलं. मधला खेळाडू वाकून नारळ पायांतून मागं फेकतो. त्याच्या मागं बरोबर चार यार्डांवर एक जण उभा, त्याला बाळगोंडानं नाव दिलं सूत्रधार. सूत्रधाराच्या पाठीमागं तीन यार्डांवर, त्याच रेषेत, धावक. समोरून बघणाऱ्याला धावक दिसतच नाही. तो सूत्रधाराच्या सावलीत लपलेला असतो. पहिले पंधरा दिवस तो पोरांना घेऊन चुन्याच्या रेघा मारत फिरला. चार यार्ड म्हणजे चार यार्ड. साडेतीन झाले की शिट्टी. पण हे सगळं नुसतं उभं राहणं झालं. पिस्तुलाचा घोडा पुढंच होता. समोरच्या संघातला काठावरचा एक माणूस मुद्दाम मोकळा सोडायचा. त्याला कुणी अडवायचं नाही, ढकलायचं नाही, शिवायचंसुद्धा नाही. सूत्रधार नारळ धावकाच्या पोटाशी नेतो आणि त्या मोकळ्या माणसाकडं बघत राहतो. तो धावकावर गेला, की नारळ काढून घ्यायचा आणि स्वतः पळायचं. तो सूत्रधारावर आला, की नारळ धावकाच्या पोटात सोडून द्यायचा. निवड त्याची. आणि तो काहीही निवडो, चुकतोच. हे वाचलं तेव्हा बाळगोंडा पंख्याखाली उघडा बसला होता, आणि त्याच्या अंगावर काटा आला. पान एकतीसवर त्यानं ते ठळक अक्षरात छापलं: न अडवलेला माणूस नेहमी चुकतो.

कारण हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, फक्त याला शास्त्र आहे हे माहीत नव्हतं. दादा, म्हणजे त्याचे वडील, सोप्यात पाहुणे बसले की त्याला हाक मारायचे आणि दोन्ही मुठी पुढं करायचे. "सांग बाळू, बेदाणा कुठल्या हातात?" तो डावी म्हणायचा. डावी उघडायची, रिकामी. पाहुणे हसायचे. दुसऱ्या वेळी उजवी म्हणायचा. उजवी रिकामी. सहाव्या वर्षी एकदा त्याच्या डोक्यात लख्ख पडलं, की दोन्ही रिकाम्या असतात, बेदाणा नाहीच. त्यानं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसणं थांबलं असतं आणि दादा एकटे पडले असते, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. किंवा आपणही कधीतरी मुठी पुढं करू, तेव्हा गुपित आपल्याकडं असलेलं बरं, असं वाटलं असावं. पुढं त्यानं केल्याच. कस्तुरीला लग्नानंतर पहिल्याच वर्षी तो म्हणाला, "माहेरी जायचं तर जा की, मी कुठं अडवलंय." ती गेली, तर घराकडं लक्ष नाही. राहिली, तर हिला माहेरी कोण विचारतंय. मुलीला, दीपालीला, दहावीनंतर म्हणाला, तुझं तू ठरव. तिनं ठरवलं, आणि तेव्हापासून ती पुण्यात राहते आणि त्याच्या वाढदिवसाला अडीच मिनिटं बोलते. त्यानं आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्याच्या जैन घराण्यात मुंगी चुकवून पाय टाकतात आणि दिवस मावळायच्या आत जेवतात.

धुळा कोळेकर आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि बीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. मेंढरांच्या कळपामागं सहा महिने गाव सोडायचं, त्यामुळं त्याच्या शाळेतली काही वर्षं रस्त्यातच राहिली होती. अंगानं सडपातळ, मान लांब, चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दिसण्याची सवय. भरतीसाठी दाखला पाहिजे म्हणून संघात आला, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. बाकीचे खेळाची आवड म्हणाले होते. सरावात मोकळा माणूस म्हणून बाळगोंडानं त्याला काठावर उभं केलं, कारण तो सगळ्यात साधा दिसत होता. सूत्रधार होता इंद्रजित, संस्थेच्या एका संचालकांचा मुलगा. शिट्टी झाली. नारळ आला, इंद्रजितनं तो धावकाच्या पोटाशी नेला, आणि धुळाकडं बघितलं. धुळा जिथल्या तिथं उभा. गुडघे थोडे वाकवलेले, हात सैल, नजर दोघांच्या मधोमध. इंद्रजित बघत राहिला. धावक नारळ ओढायला लागला, इंद्रजित सोडेना. दोघं नारळाला धरून बाजारातल्यासारखे झोंबले आणि नारळ खाली पडला. सगळी पोरं हसली. पुन्हा. पुन्हा पडला. सात वेळा पडला.

"हल की रं!" बाळगोंडा ओरडला. "खांब आहेस काय? एकाच्या अंगावर जा!"

"कुनाच्या, सर?"

"कुणाच्याही! तुझं तू ठरव!"

"मी हाललो की तेनं ठरिवलं, सर," धुळा म्हणाला. समजावून सांगितल्यासारखा; त्यातच सगळा अपमान होता. "मेंढरू बिचाकलं तर आपण पळायचं नस्तंय. आपण हाललो की ते पळनार. उभं ऱ्हायाचं. मग त्येलाच काय करावं कळंना हुतंय."

"मंजे आपला इंद्या मेंढरू!" मागून तानाजी म्हणाला, आणि खांद्याच्या गाद्या आपटत पोरं मैदानावर लोळली.

बाळगोंडाही हसला. हसणं महत्त्वाचं असतं. पण त्या रात्री परदेशी पुस्तिका पुन्हा उघडून तो शोधत बसला, की मोकळा माणूस काहीच करत नसेल तर काय. उत्तर होतंही, दोन ओळींत: अशा वेळी नारळ सरळ धावकाला द्यावा. म्हणजे काही विशेष नव्हतं. साधा तोडगा होता. तोच त्याला नको होता. त्याला तो माणूस चुकायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून धुळाला त्यानं मधल्याच्या जागी घातलं, वाकून नारळ मागं फेकायला. रोज तीनशे वेळा. चार यार्ड, छातीच्या उंचीवर, बघायचं नाही. चुकला की पहिल्यापासून मोजायचं. मे महिन्याचं ऊन पाठीवर, डोकं खाली, चेहऱ्यावर रक्त उतरलेलं. दोनशे ऐंशीला बाळगोंडा साडेतीन यार्ड म्हणायचा आणि पुन्हा एक. धुळा संध्याकाळी नळाखाली मनगटं धरून बसायचा. एकदा बाळगोंडा जवळ जाऊन म्हणाला, "नको वाटत असेल तर सोड की. मी कुठं अडवलंय." धुळानं मान वर केली. "दाखला सोडून कसं चालंल, सर?" त्याच्या डोळ्यांत तेव्हाही काही नव्हतं. पाणी होतं, पण ते नळाचं.

साताऱ्याच्या सामन्यात मात्र काठावर उभं राहील असं भरवशाचं दुसरं कुणी नव्हतं. समोरचा प्रशिक्षक ज्ञानू, बाळगोंडाचा बीपीएडचा वर्गमित्र, यानंही तीच परदेशी पुस्तिका उतरवून घेतली होती. त्याचाही संघ पिस्तूलच खेळणार, हे सरावातच दिसलं. बाळगोंडानं धुळाला बाजूला घेऊन सांगितलं, की तू दर वेळी धावकाच्या अंगावर जायचं. हे उघड चूक होतं. पण पान एकतीस बरोबर ठरत होतं, आणि सकाळीच पाहुण्यांच्या हस्ते पुस्तिकेचं प्रकाशन झालं होतं. शिट्टी झाली, आणि धुळा उभा राहिला. गुडघे थोडे वाकवून. साताऱ्याचा सूत्रधार बघत राहिला, बघत राहिला, आणि नारळ पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा तानाजीनं तो उचलला आणि पळत सुटला, आणि सहा-शून्यवर सामना संपला, कारण त्यानंतरच्या जादा गुणासाठी नारळाला लाथ कशी मारायची हे दोन्ही संघांना ठाऊक नव्हतं. पोरांनी धुळाला खांद्यावर घेतलं. ज्ञानू पाहुण्यांना घेऊन हसत हसत आला, हातात पुस्तिका, एकतिसावं पान दुमडलेलं. "बाळगोंडा, लेका, हे हुबं ऱ्हायाचं कुठल्या पानावर हाय? आमच्या पोरान्लाबी शिकवतो." पाहुणेही हसले आणि त्यांनी धुळाशी हात मिळवला. बाळगोंडाशी मिळवायचा राहून गेला. विसरले असतील.

मग टेबलाशी बसून त्यानं तक्ता भरला. यात काही विचार नव्हता, हे तो शपथेवर सांगू शकतो. पेन चांगलं होतं. खेळला, खेळला, खेळला. तेराव्या ओळीशी पेन आलं, आणि हातानं दुसरा शब्द लिहिला. राखीव. हात कापला नाही. उलट आत एक गार, स्वच्छ जागा तयार झाल्यासारखं वाटलं, देवळात अनवाणी पाय टाकल्यावर वाटतं तशी. मग त्यानं पुढच्या ओळींत पुन्हा खेळला लिहिलं, सही केली, आणि बाहेर येऊन धुळाची पाठ थोपटली. दिवस मावळायच्या आत त्याचं जेवण व्हावं म्हणून सगळी पोरं गाडी थांबवून बसली, आणि तो सावकाश जेवला. दाखले सगळ्यांना सारखेच मिळाले. तक्ता मागवून कोण बघतंय? सहा वर्षं कुणी बघितला नाही. इंद्रजित परदेशी गेला, तानाजी फौजदार झाला, पुस्तिकेच्या प्रती कपाटात पिवळ्या पडल्या.

"चला सर, धुऊन घेऊ," सलूनवाला म्हणाला. बेसिनमध्ये डोकं घालून बाळगोंडा काळं पाणी जाताना बघत राहिला. पत्राला चार ओळी लागतात. लेटरहेड ड्रॉवरमध्ये आहे, शिक्का त्याच्याच कपाटात, खेळाची पत्रं त्याच्याच सहीनं जातात. नजरचुकीनं झालं, एवढंच लिहायचं. कुणी विचारणार नाही. अकराला गेलो, तर सव्वाअकराला तो मोकळा. मोकळा, या शब्दाशी तो जरा थांबला. मग तो घरी गेला, पुन्हा आंघोळ केली, कारण मानेवर रंग राहिला होता, पेपर वाचला, कस्तुरीला दुधाच्या पिशव्यांवरून काहीतरी बोलला, आणि सव्वाबाराला महाविद्यालयात पोचला. हे मुद्दाम नव्हतं. मुद्दाम असतं तर त्यानं एक वाजवला असता.

धुळा बाकावर बसला होता. तो उठला. तिशी ओलांडलेला, केस बारीक कापलेले, पायांत भरतीसाठी पॉलिश केलेले बूट. फाटकाबाहेर जीप उभी होती आणि तिच्यात त्याचा मित्र कृष्णात स्टेअरिंगवर बोटं वाजवत होता. धुळानं वाकून नमस्कार केला. बाळगोंडानं त्याला आत घेतलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं, जतला पाऊस कसा आहे, टँकर चालू आहेत का, आई कशी आहे, सगळं विचारलं. धुळा उत्तरं देत होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं न बघण्याचा प्रयत्न करत होता. तो प्रयत्न बाळगोंडाला स्पष्ट दिसत होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच या चेहऱ्यावर काहीतरी दिसत होतं.

"म्हणजे चूक माझी झाली, असं मी लिहून द्यायचं," बाळगोंडा म्हणाला. "बरोबर?"

"नजरचुकीनं झालं म्हनून, सर. तेवढंच."

"आणि तुझी काही चूक?"

"माजी कसली, सर?"

"साताऱ्याला तुला काय सांगितलं होतं?"

पंखा फिरत होता. बाळगोंडाला आपल्या छातीत बारीक धडधड जाणवली, तरुणपणी कबड्डीत चढाईला जाताना व्हायची तशी. त्याच्याकडं दोन्ही उत्तरं तयार होती. हा चिडला, तर दार उघडं आहे. हा रडला, तर मोठ्या मनानं खांद्यावर हात. त्यानं लेटरहेड काढून टेबलावर ठेवलं, पेनचं टोपण काढलं, आणि तो बघत राहिला.

"धावकाच्या अंगावर जा म्हणला हुता. मी गेलो न्हाई. चुकलो, सर," धुळा म्हणाला.

इतकं पटकन. रस्त्यात समोरून गाडी आली की माणूस बाजूला होतो, तसं. आवाजात ना राग ना लाज. बाळगोंडा टोपण काढलेलं पेन धरून बसला आणि त्याला आपण लुटले गेल्यासारखं वाटलं. सहा वर्षं ज्यासाठी ही मूठ आवळून ठेवली, ते या माणसानं सुट्ट्या शेंगदाण्यासारखं टेबलावर टाकलं.

"असं नाही," तो म्हणाला. "मनापासून म्हणाला नाहीस."

"मनापासूनच हाय, सर. आनि काय म्हनायचं आसंल तर सांगा, समदं म्हनतो. पर दोनला निगाया पायजे. म्होरं रस्त्याचं काम चालू हाय, पेठ नाक्याला गाड्या तुंबत्यात."

"घाईत दिलेली कबुली खरी नसते, धुळा. दोनला पोरं सरावाला येतात. त्यांच्यासमोर एकदा करून दाखव. पाच मिनिटांचं काम. नाहीतर जा, मी कुठं अडवलंय."

धुळानं तेव्हा घड्याळाकडं बघितलं. पावणेएक. "करतो, सर," तो म्हणाला.

दोन वाजून दहा मिनिटांनी पोरं जमली. बाळगोंडानं चुन्यानं चार यार्डांची रेघ मारून घेतली, मग तीन यार्डांची. धुळाला काठावर उभं केलं. त्याच्या पॉलिशच्या बुटांवर धूळ बसली. "हे आपले माजी खेळाडू," बाळगोंडा म्हणाला. "मोकळा माणूस कसा चुकतो, ते दाखवणार आहेत." शिट्टी झाली. धुळा धावकाच्या अंगावर गेला, आणि सूत्रधार नारळ घेऊन त्याच्या शेजारून निघून गेला. शिट्टी. धुळा सूत्रधारावर गेला, आणि धावक निघून गेला. "पुन्हा," बाळगोंडा म्हणाला, "जोरात." धुळा जोरात गेला. तो फसत होता ते मनापासून फसत होता, पाय घसरत होता, हात हवेत मारत होता, एकदा गुडघ्यावर पडला. पोरांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, सरांचा जुना चेला गंमत करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टी मारली. फाटकाशी कृष्णात जीपमधून उतरून उभा राहिला होता आणि त्यानं एकदाच हॉर्न वाजवला, लांब.

"ए धुळ्या! आरं कोकरू हाईस काय, हितं काय बागडायला लागलाईस? आडीच वाजलं!"

अकराव्या वेळी बाळगोंडा पुरे म्हणाला. आपल्याला बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. बरं वाटलं नाही. आणखी एकदा करायला लावावं असं वाटलं, आणि त्याचं त्यालाच जरा नवल वाटलं. ऑफिसात येऊन त्यानं पत्र लिहायला घेतलं. हातानं लिहिलं तर अक्षर हललेलं दिसतं म्हणून टाइप करायला दिलं, टायपिस्टनं जावक क्रमांक विचारला, रजिस्टर खालच्या मजल्यावर होतं. धुळा उभाच होता. पत्र हातात आलं तेव्हा त्यानं ते ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं, शिक्क्यावर फुंकर मारली, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. "उपकार झाले, सर," म्हणून वाकला. तीनला पाच कमी होते. खिडकीतून बाळगोंडाला ऐकू आलं.

"आता कुठलं गावतंय? पाचला दार लावत्यात ते," कृष्णात म्हणत होता.

"चल तर खरं."

जीप गेली. बाळगोंडा घरी आला, खुर्चीत बसला, आणि त्याचं डोकं जीपबरोबर निघालं. त्यानं ते अडवलं नाही. इस्लामपूर. पेठ नाका, तिथं डंपर आडवा, एक लेन बंद. कृष्णात हॉर्नवर बसलेला. धुळा मांडीवर पिशवी धरून, मान लांब करून पुढं बघणारा. कऱ्हाडला पुलाखाली रांग. बाळगोंडानं एकेक ट्रक आपल्या हातानं आणून जीपपुढं उभा केला, मग एक उसाची ट्रॉली, मग आणखी एक. मधेच त्याच्या लक्षात आलं, की आपण हे फार काळजीपूर्वक करतोय, चार यार्डांची रेघ मारल्यासारखं. पोचला तर? पोचला तर चांगलंच की, तो स्वतःला म्हणाला, आणि हे वाक्य खोलीत कुणीतरी दुसऱ्यानंच म्हटल्यासारखं त्याला ऐकू आलं. साडेचार. पावणेपाच. पाचला तीन मिनिटं असताना त्यानं फोन उचलला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुखऱ्या दाताला जीभ लावावी, तसं. की दात दुसऱ्याचा होता, म्हणून?

"हां, सर," धुळाचा आवाज आला. मागं इंजिनचा घरघराट.

"कुठं आहात रे?"

"उंब्रजच्या म्होरं, सर. गाडी हुबी हाय."

उंब्रज ते सातारा पस्तीस किलोमीटर. बाळगोंडानं घड्याळ बघितलं. मग तो "अरेरे" म्हणाला. फार छान म्हणाला. लांब, आतून आलेलं, शेवटी किंचित तुटणारं. स्वतःच्याच कानाला ते पटलं. पलीकडून कृष्णातनं घातलेली एक शिवी आली, कुणाला होती कळलं नाही.

"सर," मग धुळा म्हणाला, "तुमी जेवून घ्या. तुमचं दिस बुडायच्या आत असतंय न्हवं. साताऱ्याला तवा आमी समदी थांबलो हुतो तुमच्यासाटी."

फोन ठेवल्यावर बाळगोंडा तसाच बसला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कस्तुरीनं विचारलं, "कुणाचा होता फोन?" तो म्हणाला, "विद्यार्थ्याचा. जेवलात का विचारत होता." "चांगला आहे की," ती म्हणाली आणि तिनं ताट वाढलं. वांग्याची भाजी होती. बाळगोंडानं पहिला घास घेतला, आणि त्याला खरोखरच कडकडून भूक लागली होती.